बोटांच्या शेंड्यापर्यंत पाणी पोचते का?



आजवर तुमच्याशी माझे बोलणे झाले ते बियाण्याबद्दल, खताबद्दल, करप्याबद्दल आणि तुडतुड्यांबद्दल. आज विषय वेगळा आहे. आज पिकाबद्दल नव्हे, तर पीक लावणाऱ्या हातांबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. "साहेब, हे काम डॉक्टरांचे. तुम्ही शेतकी शिकलेला माणूस, तुम्हाला यातले काय कळते?" असे कोणी विचारील, तर त्याचे बरोबरच आहे. मला कळत नव्हते, आणि कळत नसताना मी एक सल्ला दिला. म्हणूनच हा लेख लिहावा लागत आहे.

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातली ही हकीकत. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे खरिपाचा धान निघाला, की ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे ते उन्हाळी धान घेतात. त्याची रोवणी जानेवारीच्या अखेरीस सुरू होते. जंगलाच्या कडेला त्या दिवसांत सकाळी धुके असते, आणि बांधीतले पाणी असे गार, की पाय टाकताच अंगावर काटा यावा. मी प्रात्यक्षिकाचा प्लॉट पाहायला गेलो होतो. बाया ओळीने पऱ्हे रोवत होत्या. एक बाई मात्र सारखी उभी राही, दोन्ही हात काखेत दाबून धरी आणि पुन्हा वाके. वय असेल चाळिशीच्या आतबाहेर.

मी विचारले, "का हो बाई, बरे वाटत नाही का?"

तिने हात पुढे केले. दोन्ही हातांची मधली तीन-तीन बोटे अर्ध्यापर्यंत पांढरीफटक पडली होती, जणू रक्ताचा थेंब नाही. "थंड पान्यात हात घातला का असे होतेत जी," ती म्हणाली. "मंग निळे पडतेत, मंग लाल होऊन आग मारतेत."

मी काय केले? बांधावर युरियाचे पोते दिसले, म्हणून म्हणालो, "खताने होते असे. हातमोजे घाला, रात्री खोबरेल लावा." आणि पुढच्या बांधीकडे वळलो. पानाचा शेंडा वाळलेला दिसला, तर जस्त कमी आहे की पालाश हे तपासल्याशिवाय मी कधी बोलत नाही. माणसाच्या बोटाच्या बाबतीत मात्र उभ्या उभ्या निदान करून मोकळा झालो.

पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो, तर ती रोवणीत नव्हती. चौकशी केली. ती घरीच बसून होती. उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला जखम होती, चार महिने झाले तरी भरत नव्हती. बोटांची कातडी ताणून बसवल्यासारखी घट्ट आणि चकचकीत झाली होती, मूठ पुरी मिटत नव्हती. मध्यंतरी कोणीतरी झटपट आराम पडण्याची इंजेक्शने दिली होती, त्यात पैसे गेले. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे घरात तिचे ताट-तांब्या वेगळे ठेवले होते. सासूबाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "साहेब, महारोग तर नसंल ना जी? घरात लेकरू हाये."

सासूबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात कुष्ठरोग पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे. बोटाची जखम भरत नाही म्हटले, की मनात तीच शंका प्रथम येते. पण त्या शंकेपायी ती बाई कोणाला हात दाखवत नव्हती, आणि लपवण्यातच वर्ष गेले होते. आमच्या आशाताईला बरोबर घेऊन तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, तेथून जिल्ह्याला आणि मग नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात. तेथे जे पाहिले आणि डॉक्टरांनी जे समजावून सांगितले, तेच तुमच्यापुढे ठेवतो.

बोट म्हणजे नहरीची शेवटची बांधी

आपल्या भागात मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजाच्या कष्टाळू माणसांनी ते शेकडो वर्षांपूर्वी बांधले. तलावातून नहर निघते, नहरीतून पाट, पाटातून चारी आणि चारीतून बांधी. पाणी कमी पडले, तर पहिला फटका कोणाला? शेवटच्या बांधीला. शरीराचेही तसेच आहे. हृदय हा तलाव. मनगटाशी दोन मोठे पाट येतात, एक अंगठ्याच्या बाजूने आणि एक करंगळीच्या बाजूने. तळहातात ते एकमेकांना मिळतात, आणि तेथून प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एक-एक बारीक धमनी शेंड्यापर्यंत जाते. तिचे तोंड जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. बोटाच्या टोकाला, नखाच्या खाली, याच धमन्यांच्या बारीक बारीक फांद्या होऊन जाळे बनते.

थंडी लागली की शरीर या चाऱ्यांची दारे थोडी आवळते. त्यामुळे आतली ऊब आतच राहते. हे सर्वांच्या बाबतीत होते आणि ते योग्यच आहे. पण काही माणसांची दारे थोड्याशा गारव्यानेही गच्च बंद होतात. मग बोट आधी पांढरे पडते, कारण रक्त येतच नाही. नंतर निळे पडते, कारण अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो. आणि दारे उघडली, की एकदम लोंढा येऊन ते लाल होते, ठणकते. मॉरिस रेनॉ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली आपल्या प्रबंधात याचे वर्णन केले. म्हणून या तक्रारीला आजही त्याचेच नाव आहे.

येथे घाबरून जाऊ नका. शंभरात तीन ते पाच माणसांना अशी तक्रार असते, आणि त्यांतल्या बहुतेकांना दुसरा कोणताही आजार नसतो. तरुण वयात सुरू होते, दोन्ही हातांना सारखे होते, जखमा होत नाहीत. ऊब मिळाली की सगळे पूर्ववत. यात चारी चांगली असते, फक्त दार हळवे असते.

पण काही थोड्यांच्या बाबतीत चारीच गाळाने भरत चाललेली असते. तेथे दार उघडे असूनही पाणी पुढे सरकत नाही. आमच्या बाईचे तेच झाले होते.

कुंपणच शेत खाते

या आजाराला सिस्टेमिक स्क्लेरोसिस म्हणतात. स्क्लेरोडर्मा हेही नाव ऐकू येते, त्याचा अर्थ कडक कातडी. हा आजार विरळा आहे, लाखात काही मोजक्या माणसांना होतो. पुरुषांपेक्षा बायांना कितीतरी जास्त, आणि बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे नेमका घराचा आणि शेताचा सारा भार अंगावर असतो तेव्हा.

रोगजंतूंशी लढणारी जी शक्ती आपल्या अंगात असते, तीच उलटून स्वतःच्या शरीरावर चालून जाते. कुंपणच शेत खाऊ लागले तर काय करायचे, तसा हा प्रकार. बारीक रक्तवाहिन्यांची आतली भिंत जाड होत जाते आणि पोकळी अरुंद होते. कातडीत चिवट धाग्यांची दाटी होते, म्हणून ती ताणल्यासारखी दिसते. हेच फुफ्फुसात झाले तर धाप लागते, अन्ननलिकेत झाले तर घास अडकतो आणि छातीत जळजळते, मूत्रपिंडात झाले तर रक्तदाब अचानक भडकतो. असे का होते, याचे संपूर्ण उत्तर शास्त्राला अजून मिळालेले नाही. मात्र दगडाची बारीक धूळ, म्हणजे सिलिका, वर्षानुवर्षे छातीत जाणाऱ्या कामगारांत हा आजार जास्त आढळतो. गिट्टी फोडण्याच्या यंत्रावर किंवा खाणीत कामाला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या आजाराच्या दहांतल्या नऊहून अधिक रुग्णांची बोटे थंडीत पांढरी पडतात, आणि पुष्कळदा हेच पहिले चिन्ह असते. बाकीची लक्षणे दिसण्याआधी काही वेळा वर्षे निघून जातात. पानाचा शेंडा पिवळा पडतो तेव्हाच मुळाकडे पाहायचे असते. पीक आडवे झाल्यावर पाहून काय उपयोग?

हा महारोग नव्हे

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पहिली तपासणी केली ती कुष्ठरोगाचीच. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या वातीने बोटांना, हाताला, पाठीला हलकेच स्पर्श केला. तिने प्रत्येक वेळी बरोबर जागा सांगितली. अंगावर बधिर चट्टा नव्हता, कोपराजवळची शीर सुजलेली नव्हती. कुष्ठरोगात कातडीची जाणीव जाते, जखम झाली तरी दुखत नाही. या बाईचे बोट तर रात्र-रात्र झोपू देत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "हा कुष्ठरोग नाही. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. ताट वेगळे करायचे कारण नाही."

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. कुष्ठरोग असता तरी लपवण्यासारखे काही नव्हते. १९८० च्या दशकापासून त्यावर बहुविध औषधांचा उपचार आहे, तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि रोग बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर त्याचा संसर्गही लवकरच थांबतो. तेव्हा हात लपवू नका. दोन्ही आजारांत नुकसान होते ते लपवण्याने.

आपल्या भागात सिकलसेलही आहे, आणि त्यातही हातपाय ठणकतात. म्हणून डॉक्टर ती रक्ततपासणी करायला सांगतात, तर करून घ्यावी.

बोटाची सोनोग्राफी

नागपूरला डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले, कातडी चिमटीत धरून पाहिली. मग नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून तेथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या पाहिल्या. रक्त दिले, छातीची तपासणी झाली. आणि मग चिठ्ठी मिळाली ती सोनोग्राफीची.

तिचा नवरा गोंधळला. "सोनोग्राफी तं पोटाची असते जी. बोटाची कायची?" त्याचे चुकले नाही. आपल्या मनात सोनोग्राफी आणि बाळंतपण यांची गाठ बसली आहे. त्या खोलीच्या दारावरही गर्भलिंग निदान केले जात नाही, तो गुन्हा आहे, अशी पाटी होतीच. या बाबतीत कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, साल १९८८. केंद्राचा कायदा १९९४ चा. यंत्राचा दुरुपयोग झाला म्हणून कायदा करावा लागला. पण यंत्र ते यंत्र. विळ्याने धानही कापता येतो.

हे यंत्र चालते कसे? आपल्या कानाला सेकंदाला वीस हजारांपर्यंत कंपने असलेला आवाज ऐकू येतो. त्यापुढचा येत नाही. नागझिऱ्याच्या जंगलात संध्याकाळी वटवाघळे बाहेर पडतात, ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात किडा नेमका टिपतात. सोनोग्राफीचे यंत्र तेच करते, फक्त त्याची कंपने सेकंदाला लाखो-कोटींत असतात. ध्वनी आत जातो, आदळून परत येतो, आणि त्यावरून चित्र बनते. यात क्ष-किरण नसतात, सुई नसते, दुखत नाही.

पण चित्रात चारी दिसली म्हणून पाणी वाहते आहे असे थोडेच? त्यासाठी दुसरी युक्ती आहे. तुम्ही सौंदडच्या स्टेशनजवळ कधी उभे असाल, तर अनुभव असेल. गाडी भोंगा वाजवत येते तेव्हा आवाज बारीक, चढा असतो. समोरून निघून गेली की तोच भोंगा एकदम जाड, उतरता ऐकू येतो. भोंगा बदलत नाही, गाडीच्या चालीमुळे आवाज बदलतो. ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियाच्या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये हे तत्त्व मांडले. तीन वर्षांनी, १८४५ मध्ये, हॉलंडमध्ये तुतारीवाल्यांना आगगाडीवर बसवून त्याची परीक्षा घेतली गेली. १९५० च्या दशकात जपानच्या सातोमुरा यांनी हेच तत्त्व शरीरात वापरून दाखवले. रक्तातल्या पेशी धावत असतात. त्यांच्यावर आदळून परतणारा ध्वनी किंचित चढा किंवा उतरता येतो, आणि त्यावरून यंत्र रक्ताचा वेग आणि दिशा सांगते.

पडद्यावर यंत्र याला रंग देते. बहुधा यंत्राकडे येणारे रक्त लाल दाखवतात आणि दूर जाणारे निळे. याचा शुद्ध-अशुद्ध रक्ताशी संबंध नाही, तो दिशेचा रंग आहे. रक्ताचा प्रवाह फारच मंद असला, तर दिशा सोडून नुसता प्रवाह दाखवण्याचीही पद्धत आहे. बोटासाठी ती उपयोगी पडते.

तपासणी कशी झाली

आम्ही गेलो तेव्हा तिला आधी पंधरा-वीस मिनिटे उबदार खोलीत नुसते बसवून ठेवले. आम्हाला वाटले, उशीर करतात. कारण नंतर कळले. बोटातले रक्त ऊब-थंडीप्रमाणे फार मोठ्या प्रमाणात कमी-जास्त होते. गार हवेतून आलेल्या माणसाचे बोट लगेच तपासले, तर चांगल्या माणसाचेही रक्त कमी दिसेल. उन्हात तापलेल्या मातीचा ओलावा मोजावा आणि विहीर आटली म्हणावे, तसे होईल. तपासणीआधी काही तास विडी, खर्रा, चहा बंद ठेवायलाही सांगितले होते, कारण तंबाखूने दारे आवळतात.

मग हात उशीवर सैल ठेवला, बोटावर भरपूर मलम घातले आणि बारीक तोंडाचे यंत्र अगदी अलगद टेकवले. डॉक्टर म्हणाले, "दाबले तर धमनीच बंद होते, आणि मग आपणच रोग तयार करतो."

अंगठ्यात दोन्ही कडांना रंगाच्या दोन रेघा सरळ शेंड्यापर्यंत गेल्या. प्रत्येक ठोक्याला त्या उजळत. मधल्या बोटात रेघा बारीक होत्या, पण होत्या. तर्जनीवर यंत्र आले. एका कडेला धाग्याएवढी रेघ दिसली, मधल्या पेऱ्यापाशी तीही संपली. दुसऱ्या कडेला काहीच नाही. शेंड्याच्या मांसात चार-दोन ठिपके लुकलुकत होते. हात उबदार असूनही. बाई पडद्याकडे टक लावून पाहत होती. ती म्हणाली, "पानी इथवर येतच नाही जी." डॉक्टरांनी मान हलवली.

मनगटही पाहिले. करंगळीच्या बाजूचा मोठा पाट तिचा जवळपास बंद होता. या आजाराच्या अनेक रुग्णांत तीच धमनी आधी अरुंद होते असे दिसून आले आहे. बोटाची जखम भरत नाही, याचे कारण कधी बोटात असते, कधी मनगटात.

यंत्र काय सांगते, आणि काय सांगत नाही

यंत्र चार गोष्टी सांगते. धमनी उघडी आहे की बंद, तिची भिंत जाड झाली आहे का, रक्ताचा वेग किती, आणि शेंड्याच्या मांसात व नखाखाली रक्त पोचते का. ऊब देऊनही प्रवाह वाढला नाही, तर दार हळवे नसून चारीच गाळाने भरली आहे, असा संशय बळावतो. काही ठिकाणी हात थोडा वेळ गार पाण्यात ठेवून मग रक्त किती वेळात परत येते, तेही पाहतात.

पण डॉक्टरांनी मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या. सर्वांत बारीक रक्तवाहिन्या या यंत्राला एकेक करून दिसत नाहीत, त्यांच्यासाठी नखाच्या मुळाची भिंगातली तपासणी लागते. तपासणाऱ्याचा हात, खोलीची ऊब आणि यंत्राची जात यांप्रमाणे आकडे बदलतात. अमेरिकेच्या आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१३ मध्ये हा आजार ओळखण्याचे निकष ठरवले, त्यांत कातडीची घट्टता, बोटांच्या जखमा, नखाच्या मुळाच्या रक्तवाहिन्या आणि रक्तातली विशिष्ट द्रव्ये आहेत. बोटाची सोनोग्राफी त्यांत नाही. ती जोडीची तपासणी आहे, एकटीने निकाल देणारी नव्हे. त्यामुळे प्रत्येक पांढऱ्या बोटाची सोनोग्राफी करा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. आधी साध्या डोळ्यांची तपासणी आणि नखाचे भिंग, मग रक्त, आणि मग गरज असेल तर यंत्र.

उपचार

हा आजार समूळ जात नाही, पण त्याला आवर घालता येतो. रक्तवाहिन्या सैल करणारी निफेडिपिनसारखी औषधे बहुधा आधी देतात. त्याने भागले नाही तर सिल्डेनाफिलसारखी. वारंवार जखमा होत असतील तर आणखी औषधे आहेत, त्यांतली काही गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून पाळी चुकली असेल तर आधी सांगावे. फुफ्फुसात आजार शिरला असेल, तर त्याचे औषध निराळे.

सर्वांत महत्त्वाची सूचना झटपट इंजेक्शनांबद्दल. अशा इंजेक्शनांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. या आजारात स्टेरॉइडचा मोठा डोस मूत्रपिंडावर घाला घालू शकतो, रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. आमच्या बाईने ती इंजेक्शने घेतली होती. तिचे दैव, की मूत्रपिंड शाबूत राहिले. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही बोटे जास्त पांढरी पडतात. पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.

खर्चासाठी रुग्णालयात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. कोणत्या उपचाराला मदत मिळते ते तो सांगतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यावे.

घरी आणि शेतात काय करावे

१. केवळ हात नव्हे, सारे अंग उबदार ठेवा. छाती-पोट गार पडले, की शरीर आधी बोटांचीच दारे आवळते. कानाला फडके, अंगात स्वेटर, पायात मोजे.

२. रोवणीला सकाळी न उतरता ऊन चढल्यावर उतरा. शक्य तर पाण्यातले काम दुसऱ्याने करावे आणि अशा माणसाने कोरडे काम घ्यावे. आत सुती आणि वर रबरी असे लांब हातमोजे वापरा. रबरी मोज्यात पाणी शिरले तर लगेच काढा, ओल्या मोज्याने गारवा वाढतो.

३. बोटे पांढरी पडली तर शेकोटीवर किंवा चुलीवर धरू नका. बधिर बोट भाजते आणि कळत नाही. कोमट पाण्यात हात घाला, पाणी आधी कोपराने पाहा. पाणी नसेल तर काखेत धरा, किंवा हात खांद्यापासून गोल फिरवा.

४. विडी, खर्रा, गुडाखू, नस, सगळे बंद. याला पर्याय नाही. औषध दार उघडते आणि तंबाखू तेच दार लावून घेते, मग औषधाचा उपयोग काय? घरातल्या दुसऱ्या माणसानेही तिच्याजवळ विडी ओढू नये.

५. पॉवर टिलर, झाडे कापण्याची यंत्र-करवत अशी हादरे देणारी यंत्रे सतत चालवल्यानेही बोटे पांढरी पडू शकतात. अशा माणसाने मधून मधून विसावा घ्यावा आणि लक्षणे दिसली तर काम बदलावे.

६. कातडीला रोज तेल किंवा मलम लावा, नखे फार खोल कापू नका, काटा-कुसळ लागले तर लगेच धुऊन स्वच्छ फडके बांधा. टोकावरची खपली ब्लेडने काढू नका.

केव्हा दाखवावे

बोटे तिशीनंतर प्रथमच पांढरी पडू लागली असतील, एकाच हाताला होत असेल, बोटे सुजून जाड वाटत असतील, कातडी घट्ट होत असेल, टोकाला जखम किंवा खळगे पडले असतील, घास अडकत असेल, कोरडा खोकला किंवा चालताना धाप असेल, तर आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवा आणि बोटांच्या रंगाची गोष्ट स्वतःहून सांगा. दवाखान्याच्या उबेत बोटे चांगली दिसतात, म्हणून पांढरी पडली असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोट काळे पडले, पू झाला, वेदना असह्य झाली, किंवा डोके भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आता त्या बाईचे सांगतो. औषधे सुरू झाली, जखमेची रोज निगा घेतली. काही आठवड्यांनी पुन्हा यंत्र लावले, तेव्हा तर्जनीच्या शेंड्यातले ठिपके थोडे वाढलेले दिसले. डॉक्टरांनी तेवढ्यावर आनंद मानला नाही. ते म्हणाले, "आज हवाही जरा उबदार आहे. जखम काय म्हणते ते पाहू." जखम तीन महिन्यांनी भरली. बोट वाचले, पण टोकाला खळगा राहिला आणि मूठ अजूनही पुरी मिटत नाही. फुफ्फुसाची तपासणी ठरल्या वेळी करावी लागते. ती एक वर्ष आधी गेली असती तर तो खळगाही टळला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. पण ते एक वर्ष तिच्या हातून गेले त्याला माझा युरियाचा सल्लाही कारण आहे, हे मी विसरत नाही.

रोवणीची मजुरी बुडाली, ती मोठी अडचण होती. गटातल्या बायांनीच तोड काढली. आता ती पऱ्ह्यांच्या पेंड्या मोजते, हजेरी लिहिते आणि बाकीच्या तिला वाट्यात धरतात. गेल्या हंगामात मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा सासूबाईंनी सर्वांना जेवायला वाढले. सुनेचे ताट आमच्याच पंगतीत होते, आणि तिच्यासाठी हात धुवायला चुलीवरचे कोमट पाणी वेगळे काढून ठेवले होते.

शेतकरी बंधूंनो, यंदा रोवणीला बाया तुमच्या बांधीत उतरतील, तेव्हा पऱ्हे सरळ रोवले जातात का ते जरूर पाहा. जाता जाता रोवणाऱ्या हातांकडेही एक नजर टाका. एखादीची बोटे पांढरी दिसली, तर खताला दोष देऊन पुढे जाऊ नका. तिला बांधावर बोलवा, ऊब द्या, आणि दवाखान्याची वाट दाखवा.